आईला गोळी लागूच का पडली नाही?

पत्र: डॉक्टर, माझी आई ६४ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण नंतरचे चार दिवस आम्ही विसरू शकत नाही. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू होतं. दुखणं तसूभरही कमी झालं नाही. उलट मळमळ, घाम, हातांना थरथर. ‘इतकं दुखत नसतं मावशी, बाकीचे पेशंट बघा कसे चालायला लागले,’ असं तिला ऐकवलं गेलं. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, ‘मीच नाटकी आहे का गं?’ याच औषधाची अर्धी गोळी माझ्या बाबांना (वय ६९) बरगडीला मार लागला तेव्हा दिली होती. ते दिवसभर झोपून राहिले, हलवून हलवून उठवावं लागत होतं. आता आईचा डावा गुडघा दीड महिन्यावर आलाय. कोणाला कोणतं वेदनाशामक चालेल ते जनुकांच्या चाचणीतून कळतं, असं भावानं वाचलंय. करावी का? आणि माझ्या ९ वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढायचे आहेत. त्याचं आजीसारखं होईल की आजोबांसारखं? आईला बीपीची एक गोळी आहे, आणि चार वर्षांपासून जिवाच्या घालमेलीसाठी पॅरॉक्सेटीन. बाकी काही नाही.

उत्तर:

ताई, आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी तिला वाचून दाखवा. नाही, तुम्ही नाटकी नाही. तुमच्या गुडघ्यातली कळ खरी होती, आणि तुम्हाला दिलेली गोळी तुमच्या शरीरात कामाची झालीच नाही असं मानायला भक्कम कारण आहे. ते कारण तुमच्या लेकीनं पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत, ‘बाकी काही नाही’ म्हणता म्हणता लिहून टाकलंय. त्याकडे येतेच.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षं दुखण्याचेच रुग्ण बघते. नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक रुग्ण माझ्या वाट्याला आला होता. पोटाची शस्त्रक्रिया झालेला, धडधाकट माणूस. कोडीन या वेदनाशामकाच्या गोळ्या वेळेवर चालू होत्या. तिसऱ्या रात्री मी राउंडला गेले तेव्हा त्यानं उशीचा कोपरा दातात धरला होता आणि चादरीला मुठीत पिळून पिळून गाठ पडली होती. मी तक्त्यावर लिहिलं, ‘रुग्ण घाबरट आहे.’ ती ओळ मला आजही दिसते. त्याच्या भावालाही कोडीन ‘पाण्यासारखं’ जायचं, हे त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं, पण नोंदवलं नाही. औषध लागू न पडणं ही रुग्णाबद्दलची माहिती असते, त्याच्या स्वभावाचा दोष नसतो, हे मला त्यानंतर बरंच उशिरा कळलं. तुमच्या आईला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा म्हणूनच मला फार राग आला.

आता गोळीचं बघू. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही ओपिऑइड गटातली, म्हणजे अफूच्या कुळातली किंवा तिच्यासारखं काम करणारी औषधं. मेंदूत आणि मज्जारज्जूत ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर असतात. त्यांना कुलूप समजा. मॉर्फिन ही त्या कुलपाची तयार किल्ली. कोडीन म्हणजे मात्र किल्लीचा नुसता पत्रा, दात न पाडलेला. यकृतात एक कारागीर बसलेला असतो. तो कानस चालवून या पत्र्यातल्या थोड्याशा भागाला दात पाडतो आणि त्याचं मॉर्फिन होतं. थोडासा म्हणजे किती? सर्वसाधारण माणसात ५ ते १० टक्के. कोडीनची ३० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर त्यातून जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम मॉर्फिन तयार होतं, आणि दुखणं थांबतं ते मुख्यतः त्याच्या जोरावर. ट्रॅमाडॉलचंही तेच. त्याच्यापासून यकृतात जो पदार्थ बनतो, तो म्यू रिसेप्टरला मूळ औषधाच्या सुमारे २०० पट घट्ट चिकटतो.

या कारागिराचं नाव सीवायपी२डी६. हे एक एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन आहे, आणि ते बनवण्याचा आराखडा आपल्या २२व्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. हे जनुक माणसामाणसांत इतकं वेगळं असतं की त्याचे शंभराहून जास्त प्रकार आतापर्यंत नोंदले गेले आहेत. काहींकडे आई आणि वडील दोघांकडून निकामी प्रत येते. त्यांच्यात पत्र्याची किल्ली बनतच नाही. कोडीन कितीही घ्या, दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत अशी माणसं साधारण ५ ते १० टक्के आहेत. पूर्व आशियात पूर्ण निकामी प्रती विरळ, पण मंद चालणारी प्रत तिथे खूप आढळते. आणि काहींच्या गुणसूत्रावर याच जनुकाच्या जादा प्रती ओळीनं बसलेल्या असतात. १९९३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एका कुटुंबाची नोंद प्रसिद्ध केली. त्यात चालू स्थितीतल्या तब्बल १२ जादा प्रती सापडल्या होत्या. इथिओपियातल्या एका पाहणीत जादा प्रती असलेल्यांचं प्रमाण चारांत एकाहून अधिक निघालं. अशा माणसात किल्ल्या भराभर घडतात, आणि साधा डोससुद्धा त्याला झेपत नाही.

हा कारागीर सापडला त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे औषधशास्त्रज्ञ डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास करत होते. त्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं. बाकीच्यांना फारसं काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र असा कोसळला की त्यांना उभं राहता येईना. एकच औषध, एकच डोस, आणि एकालाच एवढा त्रास का, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि हे एन्झाइम वंशपरंपरेनं वेगवेगळं असतं हे उजेडात आलं. जर्मनीत मिशेल आयशेलबाउम वेगळ्या औषधावरून त्याच निष्कर्षाला पोचले होते. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. स्मिथ यांना कोणी नाटकी म्हटलं नाही. त्यांचा त्रास हा पुरावा मानला गेला.

आता पॅरॉक्सेटीन. हे औषध सीवायपी२डी६ या एन्झाइमला अडवणाऱ्या सगळ्यांत जोरकस औषधांपैकी एक आहे. म्हणजे तुमच्या आईचं जनुक अगदी उत्तम असेल, कारागीर हुशार असेल, तरी पॅरॉक्सेटीन त्याचा हात धरून बसलेलं असतं. शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती गोळी तीनेक वर्षं चालू होती. ट्रॅमाडॉल दिलं गेलं, त्यातून किल्ल्या फारशा बनल्याच नाहीत, आणि मूळ ट्रॅमाडॉल रक्तात साचत गेलं. आता ट्रॅमाडॉलचा एक दुसरा गुण लक्षात घ्या: ते मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वाढवतं. पॅरॉक्सेटीनही तेच करतं. दोन्ही एकत्र आली की घाम, थरथर, मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो. जास्त झालं तर ताप, स्नायू ताठरणं, झटकेसुद्धा. तुम्ही लिहिलेली लक्षणं यात बसतात. वर्षभरानंतर, पत्रावरून, तेच झालं होतं असं मी सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेनंतर घाम आणि मळमळ इतर कारणांनीही येते. पण ही जोडी आईला पुन्हा द्यायची नाही, एवढं मी नक्की सांगते.

एक काम मात्र करू नका. हे वाचून पॅरॉक्सेटीन बंद करू नका. ते अचानक थांबवलं तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात, आणि जी घालमेल चार वर्षं आटोक्यात आहे ती उसळून येते. ती गोळी चालू ठेवून दुखण्याचा उपचार बदलणं सोपं आहे. बदलायचीच ठरली तर मानसोपचारतज्ज्ञ हळूहळू बदलतील, त्याला आठवडे लागतात, आणि दीड महिना हाताशी आहे म्हणून त्यांना आत्ताच विचारा. जाता जाता: बीपीची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. मेटोप्रोलोल असेल तर तेही याच एन्झाइमवर अवलंबून असतं आणि पॅरॉक्सेटीनमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आईची नाडी फार सावकाश चालते का, तिला थकवा किंवा चक्कर येते का, हे भूलतज्ज्ञांना सांगा.

भावाच्या प्रश्नाकडे येते. चाचणी करावी का? या शस्त्रक्रियेपुरतं विचाराल तर तिच्यावाचून अडत नाही. चाचणी जनुक वाचते, कारागीर आज काम करतोय की नाही ते वाचत नाही. आईचा अहवाल कदाचित ‘सर्वसाधारण’ येईल, आणि तो बघून कोणीतरी पुन्हा ट्रॅमाडॉल लिहून देईल. मला हीच भीती वाटते. जनुकाचा अहवाल आणि चालू औषधांची यादी एकत्र ठेवून वाचली तरच त्याला अर्थ असतो. पॅरॉक्सेटीनसारखंच फ्लुऑक्सेटीन, ब्युप्रोपिऑन, बुरशीवरचं टर्बिनाफिन हीसुद्धा या एन्झाइमला अडवतात.

तरी चाचणी निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. ती एकदाच करायची असते, जनुक आयुष्यभर बदलत नाही, आणि हे एन्झाइम वेदनाशामकांपुरतं नाही. स्तनाच्या कर्करोगातलं टॅमॉक्सिफेन, काही नैराश्यविरोधी औषधं, उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन यांचाही याच्याशी संबंध आहे. करायचीच असेल तर प्रयोगशाळेला एक प्रश्न विचारा: जनुकाच्या प्रती मोजता का? नुसते जनुकाच्या डीएनएतल्या अक्षरांतले बदल बघणाऱ्या चाचणीतून जादा प्रती निसटतात, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत नेमकं तेच बघायचं आहे.

तुमच्या भावानं जे वाचलं असेल त्यात आणखी दोन नावं नक्की असणार: ओपीआरएम१ आणि सीओएमटी. पहिलं म्हणजे म्यू रिसेप्टरचंच जनुक, म्हणजे कारागीर नव्हे तर कुलूप. त्यात ११८व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ हे अक्षर असलेल्यांना काही अभ्यासांत मॉर्फिन किंचित जास्त लागलेलं दिसलं. सीओएमटी वेदनेच्या संदेशांशी जोडलेलं आहे. वाचायला हे फार आकर्षक वाटतं. पण परिणाम बारीक आहे आणि अभ्यासांत एकवाक्यता नाही. जनुकांवरून औषध कसं निवडावं याची मार्गदर्शक तत्त्वं तयार करणारा सीपीआयसी हा आंतरराष्ट्रीय गट आहे. त्याच्या २०२१ साली छापून आलेल्या शिफारशींत सीवायपी२डी६बद्दल स्पष्ट सूचना आहेत: एन्झाइम निकामी असेल किंवा अतिवेगवान असेल, तर कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळा. ओपीआरएम१ आणि सीओएमटीच्या आधारे औषध बदला असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. पुरावा अपुरा आहे असंच नोंदवलंय. तेव्हा डझनभर जनुकं तपासून ‘तुमच्यासाठी सर्वोत्तम वेदनाशामक’ सांगणारा रंगीत तक्ता कोणी हातात ठेवला, तर त्यातली सीवायपी२डी६ची ओळ तेवढी घ्या. व्यसनाचा धोका जनुकांवरून सांगणाऱ्या चाचणीवर तर मी एक निर्णयही सोडणार नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०२३च्या डिसेंबरात अशा एका चाचणीला मान्यता दिली खरी, पण त्याआधी त्यांच्याच सल्लागार तज्ज्ञांनी बहुमतानं विरोधात कौल दिला होता.

जनुकांचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शंभराहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांना अल्फेंटॅनिल हे ओपिऑइड देऊन पाहिलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. मळमळ कोणाला किती होते यातला जवळजवळ ६० टक्के फरक आनुवंशिक निघाला, श्वास किती मंदावतो यातला ३० टक्के. पण तो वाटा अनेक जनुकांत विखुरलेला आहे, आणि त्यातली थोडीच आपल्याला वापरण्याइतकी कळली आहेत. उरलेल्या फरकात वय, किडनी, यकृत, झोप, भीती, इतर औषधं, आधीचा अनुभव हे सगळं येतं.

बाबांचं बघू. अर्ध्या गोळीवर दिवसभर झापड, हे ऐकून अतिवेगवान कारागिराचा संशय येतो. पण तेवढ्यावर शिक्का मारता येणार नाही. त्यांची किडनी कशी आहे? ट्रॅमाडॉलपासून बनलेला तो जोरकस पदार्थ किडनीवाटे बाहेर पडतो. ती मंद असेल तर तो साचतो. त्या दिवशी झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी किंवा मद्य घेतलं होतं का? त्यांनी पूर्वी कधी खोकल्याचं कोडीन असलेलं औषध घेतलं आणि असंच झालं होतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर माझा संशय बराच पक्का होईल, आणि घरात कोणाची चाचणी करायची तर मी आधी बाबांची करायला सांगेन. तोवर त्यांच्या कागदांवर लाल शाईत लिहून ठेवा: कोडीन नको, ट्रॅमाडॉल नको. आणि कृपा करून हे ध्यानात ठेवा की ओपिऑइड घेतलेला माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार सावकाश किंवा उथळ असेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणायचं नाही. लगेच रुग्णवाहिका. नॅलोक्सोन हे ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. त्या दिवशी बाबा उठले, ही गोष्ट मी वाचताना हातातलं पत्र क्षणभर खाली ठेवलं होतं.

नातवाला आजोबांकडून काय आलं असेल? समजा बाबांच्या एका गुणसूत्रावर जादा प्रती आहेत. ते गुणसूत्र तुमच्यात येण्याची शक्यता निम्मी, तुमच्याकडून मुलाकडे जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे चारात एक. आजीचा प्रश्न पॅरॉक्सेटीनचा असेल, तर तो आनुवंशिक नाहीच. पण खरं सांगू का, मुलासाठी हे गणित मांडायची गरजच नाही. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास थांबून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, त्यांतली काही अतिवेगवान गटातली होती. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना हा धोका जास्त, आणि टॉन्सिल काढायला येणारी बरीच मुलं तशीच असतात. म्हणून एफडीएनं २०१३ साली या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला. २०१७ साली १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही वर्ज्य ठरवली, आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल १८ वर्षांखाली कोणालाच द्यायचं नाही असं सांगितलं. तुमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. चाचणी नको, दोन्ही औषधं नकोत. वजनानुसार पॅरासिटामॉल आणि डॉक्टर हो म्हणाले तर आयब्युप्रोफेन, तेही दुखायला लागायची वाट न बघता ठरल्या वेळेला. तो झोपेत घोरतो का, मधेच श्वास अडकून दचकतो का, हे दोन रात्री जागून बघा आणि सर्जनना सांगा. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची नावं स्वतः वाचा, खोकल्याच्या बाटलीवरचीसुद्धा.

आईच्या डाव्या गुडघ्यासाठी मी काय करेन? पॅरासिटामॉल नियमित. किडनी आणि पोट ठीक असेल तर सूज उतरवणारं एखादं वेदनाशामक, पण पोटाला संरक्षण देऊन, कारण पॅरॉक्सेटीनसोबत ते घेतलं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मांडीत सुई देऊन गुडघ्याकडच्या नसा बधिर करणारा नर्व्ह ब्लॉक, जेणेकरून पहिला दिवस निभावेल. आणि त्यावरही दुखलं तर मॉर्फिन, थोडं थोडं, श्वासावर लक्ष ठेवून. मॉर्फिनला या कारागिराची गरज नाही. ती तयार किल्ली आहे. त्याची विल्हेवाट यूजीटी२बी७ नावाचं वेगळं एन्झाइम लावतं आणि त्यातून बनलेले पदार्थ किडनीवाटे जातात, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कळणारी रक्ताची तपासणी, बघून घ्यायचं. ‘मॉर्फिन’ म्हटल्यावर घरातले दचकतील. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन-तीन दिवसांत, देखरेखीखाली, मोजून दिलेलं मॉर्फिन हा नेहमीचा, नीट माहीत असलेला उपचार आहे.

हे सगळं तोंडी सांगू नका. एका कागदावर लिहा: मागच्या वेळी कोणतं औषध, किती डोस, किती वाजता दिलं, तासाभरानं दुखणं दहापैकी किती होतं, घाम आणि थरथर कधी सुरू झाली, कधी थांबली. जुन्या डिस्चार्ज फाइलमध्ये औषधांचा तक्ता असेल, त्याची प्रत मागून घ्या. ती मिळायला हवी. खाली पॅरॉक्सेटीनचा डोस आणि बीपीच्या गोळीचं नाव. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भूलतज्ज्ञ भेटतात तेव्हा हाताशी फार थोडा वेळ असतो, म्हणून दोन-तीन आठवडे आधी त्यांची वेळ घ्या, आणि कागद आईलाच त्यांच्या हातात देऊ दे.